जिप्सीचं पोट वर घेताना: प्रकल्प नोंदी

१५ ऑक्टोबर २०२३

काल गावाहून परत आलो. आमची वस्ती अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे, डांबरी रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. यंदाच्या पावसाने ती वाट पार धुऊन नेली. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही चाकोऱ्या खोल गेल्या आणि मधला वरंबा तसाच उभा राहिला. त्यात मुरूम कमी, कातळाचे तुकडेच जास्त. ओढ्याच्या अलीकडच्या चढावर जिप्सीचं पोट त्या वरंब्यावर टेकलं. फोर व्हील लो (चारही चाकांना जोर देणारा संथ गिअर) टाकलं तरी चाकं जागच्या जागी फिरत राहिली, कारण गाडीचं वजन चाकांवर उरलंच नव्हतं. आई गाडीत होती. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झालेत. शेवटचा दीड किलोमीटर ती दादाच्या खांद्यावर हात ठेवून चालत गेली. गाडी नंतर शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने मागे ओढून काढली.

पुढच्या पावसाळ्याच्या आत गाडी या वाटेला लायक करायची, एवढं ठरवलं आहे. नोंदी तारखेनुसार ठेवतोय. ज्यांच्याकडे जिप्सी आहे त्यांना आकडे उपयोगी पडतील.

गाडी मारुती जिप्सी किंग, एमजी ४१३ डब्ल्यू, २००८ ची, १.३ लिटर पेट्रोल. व्हीलबेस २३७५ मिमी. पुढे-मागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल आणि कमानपाटे (लीफ स्प्रिंग). टायर २०५/७० आर १५. कागदावरचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासूनची मोकळी उंची) २१० मिमी.

२१ ऑक्टोबर २०२३

आज फक्त मोजमाप. ओळखीच्या गॅरेजमधली सपाट लादी शोधली, चारही टायरमध्ये सारखी हवा भरली, टाकी अर्धी ठेवली आणि गाडी थोडी पुढे-मागे करून पाटे जागेवर बसू दिले. जॅक लावून मोजायचं नाही, चाकांवर उभी असतानाच मोजायचं. नाहीतर आकड्यांना अर्थ राहत नाही.

लादीपासून उंची मिमीमध्ये: मागच्या डिफरन्शियलचा गोळा (चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरचा गोल डबा) २०४, पुढचा २०३. मागच्या यू-बोल्टची (पाटा आवळून धरणारे बोल्ट) खाली लोंबणारी टोकं १९६. सायलेन्सरच्या नळीचा फ्लँज (दोन नळ्या बोल्टने जोडणारी कड) २१८. ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांकडे जोर पाठवणारा गिअरचा डबा) तळ २२९. डावी मागची बाजू उजवीपेक्षा १४ मिमी खाली बसलेली.

म्हणजे कागदावरच्या २१० चा आणि माझ्या गाडीचा आता संबंध उरलेला नाही. झिजलेले टायर आणि कुणीतरी कधीतरी लावलेले लांब यू-बोल्ट, दोघांनी मिळून ती उंची खाल्ली आहे.

मोजताना एक गोष्ट नीट उलगडली. गाडीखालचं सामान दोन घराण्यांतलं आहे. डिफरन्शियल, यू-बोल्ट, शॉकअ‍ॅब्सॉर्बरची खालची टोकं ही अ‍ॅक्सलची माणसं. पाटे कितीही उंच करा, ही वर येत नाहीत, त्यांना फक्त टायर वर उचलतो. ट्रान्सफर केस, सायलेन्सर, टाकी ही चासीची माणसं, ती पाट्यांबरोबर वर-खाली होतात. 'गाडी तीन इंच उचलली' असं कुणी सांगितलं की आधी विचारायला हवं, नक्की काय उचललं?

२९ ऑक्टोबर २०२३

गाडीच्या पोटाला चुना लावला. खरंच चुना, भिंतीला लावतात तो, थोडा डिंक घालून. ब्रशने फ्लँज, ट्रान्सफर केस, दोन्ही गोळे, यू-बोल्टच्या प्लेटा, सगळं पांढरं केलं आणि त्याच वाटेवर गेलो, या वेळी एकटा. पोट टेकलं त्याच्या अलीकडे थांबून परत फिरलो आणि खाली झोपून टॉर्चने पाहिलं.

फ्लँजवरचा चुना पूर्ण गेलेला. ट्रान्सफर केसच्या तळाला तीन लांब ओरखडे. मागच्या गोळ्याच्या तळाला माती चिकटलेली, पण दगडाचा ओरखडा नाही. मागच्या डाव्या यू-बोल्टची टोकं घासून चकचकीत. पुढचा गोळा आणि टाकी कोरी.

माझी समजूत होती की त्या दिवशी ट्रान्सफर केस अडकली. प्रत्यक्षात आधी फ्लँज रुतला आणि मग केस टेकली. फ्लँजची कड नांगराच्या फाळासारखी मातीत शिरते. केसचा तळ गोलसर आहे, तो निदान घसरतो. लादीवरची उंची अर्धंच सांगते, दुसरं अर्धं चुन्याने सांगितलं.

५ नोव्हेंबर २०२३

काय करायचं आणि काय नाही, ते आज ठरवलं.

जिप्सीत पाटे अ‍ॅक्सलच्या खाली असतात. ते अ‍ॅक्सलच्या वर घेतले की चासी एकदम पाचेक इंच वर जाते, आणि पाटे नि यू-बोल्टच्या प्लेटा अ‍ॅक्सलखालून निघून जातात. दिसायला फार छान. पण मग स्टिअरिंगचा दांडा तिरका होतो, खड्ड्यात चाक वर-खाली झालं की स्टिअरिंग हातात ओढतं. ब्रेकचे होज लांब घ्यावे लागतात, जोर लावला की अ‍ॅक्सल पाट्यांसकट पिळतो आणि गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. माझ्या वाटेवर दोन ठिकाणी आडवा उतार आहे, एका बाजूला ओढा. तिथे मला उंच गाडी नको.

बॉडी आणि चासीमध्ये ठोकळे घालून बॉडी उचलण्याचा पर्याय लगेच बाद केला. त्याने मोठ्या टायरला जागा मिळते, पण चासी, केस, सायलेन्सर जिथल्या तिथेच.

कायद्याचाही भाग आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलं. माझ्या गाडीला १५ वर्षं झाली म्हणून आरसीचं नूतनीकरण याच वर्षी करून घेतलंय. पाच वर्षांनी ती पुन्हा तपासणीला उभी करायची आहे. चासी कापणं, अ‍ॅक्सलवर नवे पॅड वेल्ड करणं यातलं काही करणार नाही. टायरचं माप बदलायचं तर विमा कंपनीला आधी लेखी विचारणार.

तेव्हा गाडी उचलायची नाही. बसलेलं पुन्हा जागेवर आणायचं आणि लोंबणारं वर घ्यायचं.

१८ आणि १९ नोव्हेंबर २०२३

दिवाळी आटोपली. चारही पाटे काढून नाशिकच्या आडगाव नाक्याकडच्या एका पाटेवाल्या चाचांकडे नेले. ते चाळीस वर्षं ट्रकचे पाटे मारतात. जिप्सीचे पाटे त्यांच्या भट्टीशेजारी खेळण्यासारखे दिसत होते.

मी म्हटलं, "चाचा, एक-एक पाटा वाढवा, उंची येईल."

त्यांनी पाटा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "उंची पायजे का चाल पायजे, ते आधी ठरवा साहेब."

मग त्यांनी समजावलं ते इथे लिहून ठेवतो. पाटा वाढवला की गाडी वर येते, पण कडक होते. जिप्सी हलकी गाडी, सगळी मिळून टनभर. कडक पाट्यावर तिचं चाक खड्ड्यात खाली सुटत नाही, हवेत राहतं आणि फिरतं. दगडधोंड्यांत चाक जमिनीला धरून राहणं दोन इंच उंचीपेक्षा मोलाचं. ट्रकला वजन पेलायचं असतं म्हणून तिथे पाटा वाढवतात.

म्हणून पाटे तेवढेच ठेवले आणि मूळ कमान परत आणली. चाचांनी आधी जमिनीवर खडूने पाहिजे ती कमान काढली. मग पाटा ऐरणीवर थंडच ठेवून एकमेकांलगत घाव घालत नेले. दर दहा-बारा घावांनी तो खडूच्या रेषेवर ठेवून पाहायचे. तापवून वाकवणं सोपं आहे, पण स्प्रिंग स्टील लाल करून नुसतं हवेत सोडलं तर त्याचं पाणी उतरतं आणि महिनाभरात पाटा पुन्हा बसतो. तापवायचंच असेल तर तेलात विझवून पुन्हा बेताने तापवावं लागतं. त्याची सोय प्रत्येक दुकानात नसते. गाडी द्यायच्या आधी हे विचारून घ्यावं.

मागच्या डाव्या बाजूचा दुसरा पाटा सेंटर बोल्टच्या भोकापाशी तडकलेला निघाला. १४ मिमीचं कोडं तिथेच सुटलं. तो बदलला. पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस, सगळे बुश नवे, शॅकलच्या (पाट्याचं टोक चासीला टांगणारी कडी) पिना नव्या. यू-बोल्टही नवे, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसा धरत नाही.

रविवारी रात्री बसवून मोजलं तर पोट सरासरी ३० मिमी वर. फार आनंद झाला.

२६ नोव्हेंबर २०२३

आनंद आठ दिवसांत उतरला, आणि चूक माझी. गाडी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) असताना, चाकं लोंबत असताना, मी शॅकलचे आणि पाट्याच्या डोळ्याचे बोल्ट पूर्ण आवळले. रबरी बुश ज्या स्थितीत आवळला जातो ती त्याची विश्रांतीची जागा होते. गाडी चाकांवर आल्यावर ते बुश पिळले गेले आणि त्या पिळाने गाडी वर धरून ठेवली. ती उंची खोटी होती. एक बुश आठवड्यातच फाटला.

बोल्ट ढिले केले, गाडी चाकांवर उभी केली, चार वेळा हलवली आणि तशीच उभी असताना पुन्हा आवळले. आता सरासरी २४ मिमी. हे खरे २४. ब्रेकचे होजही पाहिले: चासीखाली घोड्या लावून चाकं पूर्ण लोंबवली तरी होज ताणत नाहीत. ही तपासणी मात्र गाडी लोंबवूनच करायची.

३ डिसेंबर २०२३

सायलेन्सर. दिवसभराचं काम, पण सगळ्यात जास्त फळ देणारं.

फ्लँजचे दोन कान खाली-वर होते, म्हणजे एक कान आणि त्याचा बोल्ट थेट जमिनीकडे. फ्लँज कापून कान आडवे येतील असा फिरवून पुन्हा जोडला. बोल्ट पुढच्या बाजूने घातले, म्हणजे पुढून येणाऱ्या दगडाला गुळगुळीत बाजू लागते. नळीला चासीच्या आडव्या पट्टीपाशी नवा बाक दिला आणि वर घेतली. नळी आणि फ्लोअर, नळी आणि प्रोपेलर शाफ्ट (डिफरन्शियलकडे जोर नेणारा दांडा) यांच्यात किमान बोटभर जागा ठेवली, कारण इंजिन रबरावर हलतं आणि नळी त्याच्याबरोबर हलते. ब्रेकची आणि पेट्रोलची नळी जिथे जवळून जाते तिथे पत्र्याची आडोशी पट्टी लावली. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावला नाही.

फ्लँज आता ट्रान्सफर केसच्या तळापेक्षा वर आहे. म्हणजे यापुढे काही टेकलंच तर गोलसर केस टेकेल.

१७ डिसेंबर २०२३

यू-बोल्टची जादा टोकं कापली. नटच्या बाहेर तीन आटे ठेवले, बाकी १८ मिमी ग्राइंडरने उडवले, कापल्या जागी रंग. खालच्या प्लेटांच्या पुढच्या कडा ४५ अंशात घासल्या. तासाभराचं काम, खर्च एका कटिंग व्हीलचा. यू-बोल्ट उलटे करून नट वर घेण्याचाही विचार होता. त्यासाठी अ‍ॅक्सलवर बसणाऱ्या वेगळ्या प्लेटा बनवाव्या लागतात. सध्या गरज वाटत नाही.

१४ जानेवारी २०२४

जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. ती वेगळी, तीन रबरी माउंटवर चासीला टांगलेली असते. १५ वर्षांत ती रबरं बसून सपाट झाली होती. नवी घातल्यावर केस ९ मिमी वर आली. चासीला हात न लावता ९ मिमी!

पण गावातून फिरवून आणली तर ६० च्या आसपास फ्लोअरमध्ये थरथर. पाट्यांची कमान बदलल्याने मागच्या डिफरन्शियलचं तोंड थोडं फिरलंय. शाफ्टला दोन्ही टोकांना एकेकच क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) असेल तर दोन्ही टोकांचे कोन सारखे लागतात, म्हणजे केसचा फ्लँज आणि डिफचा फ्लँज एकमेकांना समांतर. एका क्रॉसने आणलेली वेगातली चढउतार दुसरा क्रॉस तेव्हाच फेडतो. कोनमापक ठेवून पाहिलं तर दोघांत अडीच अंशांचा फरक. पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये अडीच अंशांची पाचर घातली. पाचर लोखंडी घेतली, अ‍ॅल्युमिनियमची चेपते. थरथर गेली.

११ फेब्रुवारी २०२४

स्किड प्लेट, म्हणजे पोटाखालचा संरक्षक पत्रा. इथे मन दोन दिवस दोलायमान होतं, कारण प्लेट स्वतःच उंची खाते. माझ्या मापाने ४ मिमीचा पत्रा आणि केसपासून १० मिमी मोकळीक, एकूण १४ मिमी गेले. माउंटने दिलेले ९ परत आणि वर ५ दंड. तरी लावली. उघडी केस २६२ वर असेल आणि टेकली तर अ‍ॅल्युमिनियमची बॉडी फुटते, तेल जातं, गाडी रानात राहते. प्लेट २४८ वर टेकली तर गाडी घसरून पुढे जाते. ज्या उंचीवर टेकायला भीती वाटत नाही, ती माझ्या लेखी खरी उंची.

आधी पुठ्ठ्याचा साचा केला, मग ६०० बाय ४५० मिमीचा माइल्ड स्टीलचा पत्रा कापला. वजन साडेआठ किलो भरलं. ६ मिमीचा घेतला असता तर पावणेतेरा. पुढची कड ३० अंश वर वाकवली. बोल्टची डोकी पत्र्यात बुडतील अशी काउंटरसंक घेतली. बाहेर राहिलेलं डोकं दोन फेऱ्यांत झिजतं आणि मग उघडत नाही.

२५ फेब्रुवारी २०२४

प्लेट काढून पुन्हा बदलली. गेल्या रविवारी रानातून आलो तेव्हा जळका वास आला. प्लेटवर वाळलेलं गवत ओंजळभर साचलं होतं आणि वरून सायलेन्सरची नळी जाते. फेब्रुवारी ते मे आपल्याकडची कुरणं नुसत्या ठिणगीची वाट पाहत असतात. गाडीखाली पेटलं तर गाडी जाईल ते जाईल, शेजारचं रान जाईल. प्लेटला ४० मिमीची सहा भोकं पाडली, मागची बाजू उघडी केली, आणि प्रत्येक फेरीनंतर हात घालून साफ करायचं हा नियम केला. ज्यांनी प्लेट लावली आहे त्यांनी आज खाली वाकून पाहावं.

२४ मार्च २०२४

टायर बदलले. विमा कंपनीचं लेखी उत्तर आलं, ते आरसीच्या फाइलमध्ये ठेवलंय. २०५/७० च्या जागी २१५/७५ आर १५. जुना टायर कागदावर ६६८ मिमी व्यासाचा, नवा ७०३.५. व्यासातला निम्मा फरकच जमिनीपासूनच्या उंचीला मिळतो, म्हणजे पावणेअठरा मिमी. जुन्याची नक्षी झिजलेली होती, ते धरून प्रत्यक्षात २० मिमी मिळाले. गोळ्यांना वर नेणारी ही एकच गोष्ट होती.

डाव्या पूर्ण वळणावर टायर पाट्याला निसटता लागत होता. स्टिअरिंगचा स्टॉपर बोल्ट दीड आटा बाहेर काढला. वळण किंचित मोठं झालं. स्पीडोमीटर आता सव्वापाच टक्के कमी दाखवतो, काटा ६० वर असताना गाडी ६३ ने जाते. घाटात तिसऱ्या गिअरला थोडी जड वाटते, लो रेंजमध्ये काही फरक जाणवत नाही.

घरी आलो तर गल्लीत होळीची लाकडं रचत होते. जुना स्टेपनीचा टायर मुलांनी मागितला, दिला नाही. रबर जाळायचं नसतं.

७ एप्रिल २०२४

तीच लादी, तीच हवा, अर्धी टाकी. मागचा गोळा २०४ वरून २२४. यू-बोल्टची टोकं १९६ वरून २३४. पोटातली सगळ्यात खालची जागा आधी फ्लँज होती, २१८. आता स्किड प्लेट आहे, २६८. मधल्या वरंब्यासाठी हाच आकडा महत्त्वाचा. व्हीलबेसचा निम्मा ११८७.५ धरून सोपं गणित केलं तर गाडी आधी पावणेएकवीस अंशांचा उंचवटा ओलांडायची, आता साडेपंचवीस अंशांचा. चासीला एकही वेल्ड नाही. दारात गाडी पाहून शेजाऱ्यांना काही बदललंय असं वाटलंही नाही.

१६ जून २०२४

गेल्या आठवड्यात घाटमाथ्यावर पाऊस झाला. निघण्याआधी यू-बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळले, एक नट पाव फेरा सरकला. पोटाला पुन्हा चुना लावला. या वेळी आई सोबत होती.

घोटी, बारी, भंडारदरा, राजूर. डांबर सुटल्यावर टायरची हवा १८ पीएसआयवर आणली. ओढ्याच्या चढावर पहिल्या गिअरला, लो रेंजमध्ये, रेस न वाढवता. प्लेटखाली एकदा खरखर झाली, लांबलचक, आणि गाडी चालतच राहिली. आईने मागच्या दांड्याला धरलं होतं. वर आल्यावर तिने विचारलं, "झालं का ते?" मी म्हटलं, "झालं." दाराशी, तुळशीच्या अंगणापर्यंत गाडी गेली.

जेवण झाल्यावर खाली झोपून चुना पाहिला. प्लेटवर तळहाताएवढा पट्टा पुसलेला, फ्लँज कोरा, यू-बोल्ट कोरे. मागच्या गोळ्याचा तळ मात्र पूर्ण स्वच्छ झालेला, आणि या वेळी दगडाचा एक ओरखडाही होता. २२४ मिमीच्या वर त्याला न्यायचं तर आणखी मोठे टायर लागतील, आणि तो रस्ता मला धरायचा नाही. गोळा बरोबर मध्यावर नसतो, एका बाजूला सरकलेला असतो, तेव्हा ओरखडा कोणत्या दगडाचा हे शोधणं अवघड नव्हतं. दादाला घेऊन चढावर गेलो. वरंब्यात रुतलेला एक कातळ, चुन्याची पांढरी रेघ त्याच्या डोक्यावर स्पष्ट.

पहारीने हलवून पाहिला, निम्मा जमिनीत आहे. दादा म्हणाला, ओल आहे तोवर निघेल. पुढच्या रविवारी दोन पहारी आणि घमेलं घेऊन जायचं ठरलंय. डिफरन्शियलच्या ब्रीदरच्या (हवा ये-जा करायच्या) नळ्या वर घेण्याचं काम त्यानंतर, ओढ्याला पाणी यायच्या आत.